पुढच्या बोल्टाचे आटे

हरेश्वर पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. आमच्या वालीवच्या गल्लीत टेम्पो येतात ते माल न्यायला. हा टेम्पो दुसऱ्या टेम्पोला दोरीने बांधून ओढत आणलेला, आणि उभा कुठे केला, तर बरोबर माझ्या गाळ्याच्या तोंडाशी. मी लेथ बंद करून बाहेर आलो आणि तोंड सोडलं. खाली उतरलेला उंच, काळासावळा, खांद्यात जरा वाकलेला माणूस सगळं निमूट ऐकत उभा राहिला. माझं संपल्यावर त्याने पुढच्या सीटवरून मेथीच्या दोन जुड्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या.

"हे काय?"

"मेथी हाय. बायकोनं दिली. म्हनाली, मिस्त्री मानूस तापट असतो, आधी भाजी दे."

मी म्हटलं, सीट उचला, बघू.

मी शांताराम, मूळचा देवगडकडचा. धंदा लेथचा, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्राचा. इंजिनं उघडणं माझं काम नाही, पण इंजिनातल्या एखाद्या भोकाचे आटे गेले की गल्लीतले सगळे मेकॅनिक डोकं खाजवत माझ्याच दारात येतात. आटे म्हणजे बोल्टाच्या अंगावर आणि भोकाच्या आतल्या अंगाला असतात त्या गोल फिरत जाणाऱ्या खाचा. बोल्टाचे आटे गेले तर रडायचं कारण नाही, नवा बोल्ट आणा. भोकाचे गेले की पंचाईत. बोल्ट फिरत राहतो आणि धरत काही नाही. अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ते राहू दे.

हरेश्वरच्या टेम्पोचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिनाचं हेड दिसतं आणि त्याला खालच्या ब्लॉकवर आवळून धरणारे बोल्ट दिसतात. त्यातला अगदी पुढचा, हाताशी येणारा बोल्ट नुसता गोल फिरत होता. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा. दोघांची ताणाताणी झाली की हरणार कोण ते ठरलेलं. मी भोक थोडं मोठं केलं, नवे आटे पाडले आणि आत तारेची गुंडाळी बसवली. बोल्टाने पुन्हा पकड धरली. हरेश्वर हसलासुद्धा नाही, पण जाताना त्याने टेम्पोच्या दारावरून असा हात फिरवला की मला जरा बरं वाटलं.

काही वर्षांनी तोच टेम्पो, तोच बोल्ट. या वेळी गुंडाळी आट्यांसकट उपटून आली होती. मी भोक आणखी मोठं केलं आणि पोलादी बुश बसवला. बुश म्हणजे जाड नळीचा तुकडा, बाहेरून आटे आणि आतूनही आटे. बाहेरचे ब्लॉकला धरतात, आतले बोल्टाला. हे काम माणूस एकदा करतो आणि विसरतो.

"हरेश्वरभाऊ, या बोल्टावर पाना कोण मारतं?"

"कोनी नाय. मीच काय तो."

"मग हात आवरा जरा. हे इंजिन आहे, उखळ नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याचं 'बरं' म्हणजे हो की नाही हे त्याच्या बायकोलाही कधी कळलं नसेल.

त्यानंतर मात्र आमची ओळख वाढली. वालीवकडे भाड्याची फेरी मिळाली की तो माझ्याकडे चहाला थांबायचा. नायगावच्या बाजूला खाडीकाठी त्याचं गाव. बापाची बैलगाडी होती, ती भात वाहायची आणि मिठागराचं मीठ. बैल गेले, मिठागर पडीक झालं, आणि हरेश्वरने हा टेम्पो घेतला. पहाटे गावातल्या बायकांच्या भाजीच्या पाट्या चढवायच्या, बायकांना मागे बसवायचं, वसईच्या बाजारात सोडायचं आणि दुपारी रिकाम्या पाट्यांसकट घरी आणायचं. एवढंच त्याने जन्मभर केलं. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत? तो म्हणाला, "बायका भांडतात ना मागं. टाइम जातो."

वाडी खरी त्याच्या बायकोची. रंभावहिनी. मेथी, मुळा, वाल, आणि विहिरीच्या कडेने मोगऱ्याची एक ओळ. तिच्या मेथीला बाजारात लोक नावानिशी विचारायचे. पुढे तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि ती आधीच कमी धारदार नव्हती. हरेश्वर तिला रोज पहाटे उचलून पुढच्या सीटवर बसवायचा. बाजारात टेम्पो लावला की ती खाली न उतरता सीटवरूनच डाव्या हाताने जुड्या विकायची. वाडीत खुर्चीवर बसून ती मजुरणीला सांगायची, इथे पाणी जास्त झालं, तिथली मेथी उद्या उपट. घरात झोपून राहिली असती तर ती महिनाभरात आटोपली असती, असं डॉक्टरच म्हणाले होते.

मुलगा एकच, कल्पेश. बी.कॉम. होऊन अंधेरीला एका कंपनीत लागला, वसईतच एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला. मुलगा वाईट नाही हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा गोष्टीत मुलाला शिव्या घालायची लोकांना भारी हौस असते. एका पावसाळ्यात गावात पाणी भरलं आणि वहिनीची खाट विटांवर चढवावी लागली. त्यात तिला धाप लागली. रिक्षावाला आत यायला तयार नाही, ॲम्ब्युलन्स नाक्यावर अडकलेली. शेवटी हरेश्वरने टेम्पो पाण्यातून काढला आणि तिला दवाखान्यात नेलं. त्या दिवशी कल्पेश लेकरासारखा रडला म्हणे. आणि मग त्याने बापाला सांगितलं, हे आता बस झालं. टेम्पो आहे तोवर राहा तिकडे, मी काही बोलत नाही. टेम्पो बंद पडला, किंवा आरटीओच्या पासिंगला नापास झाला, की घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. हरेश्वर म्हणाला, "बरं."

म्हणजे त्या दोघांचं घर, विहीर, मेथीचे वाफे आणि वहिनीचा बाजार, सगळं त्या म्हाताऱ्या इंजिनावर उभं होतं. आणि इंजिन उभं होतं त्या पुढच्या बोल्टावर.

गेल्या भाद्रपदात, गणपती जाऊन थोडे दिवस झाले असतील, टेम्पो पुन्हा दोरीला बांधून आला. पुढच्या सीटवर रंभावहिनी बसलेली. पासिंगची तारीख दसऱ्यानंतर लगेच होती. मी सीट उचलायच्या आधीच मला कळलं. बोल्टाला हात लावला तर तो बुशासकट हलत होता. माझा बुश. ब्लॉकमधले आटे खरवडून तो सैल झाला होता. हेड त्या बाजूने उचललं गेलं होतं आणि पाणी तेलात उतरून तेलाचा पार चहा झाला होता.

माझं डोकंच फिरलं. आपलं काम कोणी बिघडवलं की मला राहवत नाही. मी म्हणालो, "कोण मेला या एकाच बोल्टाच्या मागे लागलाय? बाकीच्यांना धक्का नाही, हाच का मरतो दर वेळी? खरं सांगा, नाहीतर न्या उचलून."

वरून वहिनी बोलली, "सांगा की आता. दसऱ्याचं सांगा."

मग त्याने सांगितलं. त्याच्या बापाच्या वेळेपासून दसऱ्याला गाडीची पूजा झाली की घरातल्या प्रत्येकाने चाकाच्या खिळीवर हातोड्याचा एक ठोका द्यायचा. खीळ घट्ट तर चाक घट्ट, चाक घट्ट तर घर घट्ट. लहान पोरालासुद्धा कडेवर घेऊन त्याच्या मुठीत हातोडा द्यायचे. बैलगाडी गेली, टेम्पो आला, त्याला खीळ कुठली? तर सीट उचलली की समोर दिसणारा हा पुढचा बोल्ट त्यांनी खीळ मानला. ठोका मारून चालणार नाही एवढी अक्कल होती, म्हणून ठोक्याच्या जागी पान्याचा एक फेरा. घरातल्या प्रत्येकाचा एक.

"अहो, पण घरात माणसं होती तेव्हा इतकी वर्षं काही झालं नाही ना?"

"तवा पोरं नुसता हात लावायची," हरेश्वर म्हणाला. "बायका पन. कोन जोर लावतोय?"

"मग?"

तो खाली बघून म्हणाला, "आता मानसं नाय ना घरात. आय गेली, बाबा गेला. भाऊ बांधावरनं भांडून विरारला गेला, त्याची बायको, पोरं. बहिनी सासरी. कल्पेश येतो, पन जेवायला येतो, तवर पूजा झालेली असते. हिचा हात चालत नाय. मग ज्याच्या त्याच्या वाटनीचा फेरा मीच देतो."

"सगळ्यांचा?"

"सगल्यांचा. कोनाचा राहायला नको."

आणि हा माणूस असा की दुसऱ्याच्या वाटणीचं काम कधी अर्धवट करणार नाही. आईच्या वाटणीचा फेरा, तोही पुरा ओढून. भावाशी बोलणं बंद, पण त्याचाही फेरा चुकवला नाही. पोरांच्या नाजूक हातांना जे इंजिन इतकी वर्षं हसत सोसत होतं, त्यावर हा एकटा बाप्या दर दसऱ्याला आख्ख्या खानदानाचा जोर लावत होता. घरातली माणसं कमी होत गेली तसतसा बोल्ट जास्त आवळला जात होता. मला हसावं की रडावं कळेना. मी शेवटी शिवी दिली, ती कोणाला दिली देव जाणे. वहिनी मात्र हसली. म्हणाली, "मी सांगून थकले, भाऊ. सुंभ जळला तरी पीळ जात नाय."

हेड उतरवल्यावर मात्र मला हसू आलं नाही. जुना बुश काढून मी भोकात बॅटरी मारली. भोकाच्या एका अंगाला पाण्याचा रस्ता असतो, इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळतं तो. भोक आणि पाणी यांच्यामधली भिंत आधीच दोनदा खाल्लेली, आणि उरलेली खाडीकाठच्या खाऱ्या हवेने आणि भरल्या पाण्याने पोखरलेली. आणखी भोक मोठं करायचं म्हणजे त्या भिंतीतून घ्यायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी हरेश्वरला बोट घालून बघायला लावलं.

"दुसरा ब्लॉक?" त्याने विचारलं.

मी आधीच फोन फिरवून शोधला होता. टेम्पोच्या कंपनीने हे इंजिन बनवणं केव्हाच बंद केलं होतं. भंगारवाल्यांकडे दोन मिळाले, ते याच्याहून म्हातारे, एक तर तडकलेला. वेल्डिंग? इतकी वर्षं तेल प्यायलेल्या ॲल्युमिनियमवर वेल्डिंग धरत नाही, आणि धरलंच तर ब्लॉक वाकतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "एकदा बघा ना, भाऊ." एवढंच म्हणाला. वरती सीटवर वहिनी समोर रस्त्याकडे बघत बसली होती, पण तिचे कान आमच्याकडे होते.

मी म्हणालो, बघतो. आणि खरं सांगतो, त्या कामाला मी जसा बसलो तसा आयुष्यात कशाला बसलो नाही. बाहेरची कामं परत पाठवली. नव्या बुशाचे बाहेरचे आटे बारीक ठेवले, म्हणजे भिंत कमीत कमी खाल्ली जाईल. भोक तिरकं जाऊ नये म्हणून पट्टीला छिद्र पाडून ती ब्लॉकवर आवळली आणि त्यातून ड्रिल उतरवलं. आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप. तो हाताने फिरवला, थोडा पुढे, थोडा मागे, वरून रॉकेलची धार, कीस आत पडू नये म्हणून टॅपच्या खाचांत ग्रीस. प्रत्येक फिरण्याला वाटायचं, आता भिंत फुटणार. नाही फुटली. आटे असे पडले की बघत बसावं.

बुशाला आटे पकडून ठेवणारं औषध लावून मी तो बसवला. ते औषध एक दिवस तरी सुकावं लागतं. तोवर बुश सरळ राहावा म्हणून वर नळीचा तुकडा आणि जाड वायसर ठेवून त्यातून तोच बोल्ट मी हाताने, नुसता टेकेल इतपत, बसवून ठेवला. त्या दिवशी नवमी होती. दुसऱ्या दिवशी दसरा, माझं काम बंद. मी ठरवलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हेड चढवायचं आणि जोर किती लागला ते दाखवणाऱ्या मापाच्या पान्याने आवळायचं.

हरेश्वरला मी समोर बसवून सांगितलं. "हे धरलं तर धरलं. मापात आवळलं तर अजून काही वर्षं ओढेल. पण याच्यापुढे माल नाही. हे गेलं की सगळं गेलं. आता यावर फेरा नाही, कोणाचाच नाही. आईचा नाही, बापाचा नाही. दसरा असो नाहीतर दिवाळी. कळलं?"

"कललं," तो म्हणाला. 'बरं' नाही म्हणाला, म्हणून मला खात्री वाटली. "फकस्त फूल वाहू ना उद्या?"

"फूल वाहा. हार घाला. पाना लावायचा नाही."

दसऱ्याला वालीवच्या गल्लीचा ताल वेगळाच असतो. सगळी मशिनं धुतलेली, पुसलेली, झेंडूच्या माळा घातलेली, आणि रोज कानठळ्या बसवणारी गल्ली अगदी शांत. मी लेथची पूजा केली आणि समोरच्या गाळ्यातल्या पूजेला गेलो. तिथे वर्षातून एकदा सगळी गल्ली प्रसादाला जमते, न जाऊन चालत नाही. माझा गाळा उघडाच होता. टेम्पो दारात उभा, सीट उचललेली, इंजिन उघडं.

तेवढ्यात कल्पेशची गाडी आली. त्याने आईवडिलांना दसऱ्याच्या जेवणासाठी आपल्या घरी न्यायचं ठरवलं होतं आणि वाटेत टेम्पोला फूल वाहायला म्हणून सगळे इकडे वळले होते. हरेश्वर धुतलेल्या शर्टात. वहिनी गाडीत मागच्या सीटवर, दार उघडं ठेवलेलं, तोंड इकडे. मी समोरून हात केला, आलोच म्हणालो. हातात प्रसादाचा द्रोण होता.

हरेश्वरने हार घातला. हळदकुंकू वाहिलं. नमस्कार करून मागे सरला. आणि मग कल्पेश, तो ऑफिसवाला कल्पेश, ज्याने टेम्पोकडे कधी धड बघितलं नव्हतं, पुढे आला. बाही वर केली. काहीतरी बोलला, ते मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं नाही. पण हरेश्वरचा चेहरा मी पाहिला. या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो, असा चेहरा पाहिला नव्हता. कल्पेशने माझ्या टेबलावरचा रिंग पाना उचलला.

मी ओरडलो. गल्ली शांत होती, ऐकू जायला हवं होतं, पण मधूनच एक रिक्षा गेली. मी द्रोण टाकून धावलो. हरेश्वर कल्पेशपासून हाताच्या अंतरावर उभा होता. त्याला फक्त "नको" म्हणायचं होतं. त्याने काही म्हटलं नाही. कल्पेशने पाना बोल्टावर बसवला, डोळे मिटले आणि देवाचं काम करावं तसा, मनापासून, पुरा फेरा ओढला.

कट्, असा बारीक आवाज झाला. सुपारी फुटते तेवढाच.

मी पोचलो तेव्हा बुश वर ओढला गेला होता आणि भिंतीत, आतपर्यंत, तडा गेलेला दिसत होता. कल्पेश म्हणत होता, "काका, हे काय झालं? मी जास्त ओढला का?" मी तोंड उघडलं. काय काय बोलणार होतो ते मला अजून आठवतं आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात हरेश्वरने माझं मनगट धरलं. भाज्यांच्या पाट्या उचलून उचलून त्या हाताची पकड चिमट्यासारखी झाली होती.

"जुना माल होता, पोरा," तो कल्पेशला म्हणाला. "जानारच होता. शांतारामभाऊंनी कालच सांगितलेलं. व्हय ना, भाऊ?"

तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हो. जाणारच होता."

कल्पेशचा जीव भांड्यात पडला. मग त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "लहानपणी आजोबा मला उचलून धरायचे ना, बाबा? तेच आठवलं एकदम. म्हटलं, या वर्षी माझा फेरा मी देतो." हरेश्वरने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी गाळ्यात गेलो आणि उगाच पुसलेला लेथ पुन्हा पुसत बसलो. मला इतका राग आला होता की तो कोणावर काढावा हेच समजेना.

दिवाळीच्या आत घराला कुलूप लागलं. टेम्पो माझ्या दारातूनच भंगारवाल्याने नेला, आणि गावातल्या बायका आता दुसऱ्या कोणाच्या गाडीतून जातात, जातात की नाही तेही मला माहीत नाही. मोगऱ्याला पाणी कोण घालणार? कोणी नाही. मी मनात म्हणायचो, एका अर्थी हरेश्वरचं बरोबर होतं. पोराने इतक्या वर्षांनी हात पुढे केला, त्याला नको म्हणाला असता तर तो हात पुन्हा आला असता का? आणि दुसऱ्या क्षणाला वाटायचं, अरे बाबा, पण घर गेलं की रे.

थंडीत एका रविवारी मी एव्हरशाईनला त्यांच्याकडे गेलो. फ्लॅट नीटनेटका, लिफ्ट आहे, उजेड आहे, कशाला नावं ठेवायला जागा नाही. कल्पेशने आग्रहाने बसवलं, स्वतः चहा करायला आत गेला. हरेश्वर सोफ्याच्या कडेला बसला होता, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तसा. म्हणाला, "रोज विचारतो, बाबा, करमतं ना? मी म्हनतो, करमतं. चांगला हाय हो पोरगा."

"त्याला सांगितलंत?"

"काय सांगू? तुझ्या हातानं झालं म्हनून?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्यानं फेरा दिला, भाऊ. आपनहून दिला. मना पुरे हाय."

मी म्हणालो, "तुम्ही मोठे आहात, हरेश्वरभाऊ," आणि ते मी मनापासून म्हणालो. त्याने मान हलवली. मग कल्पेशला कप सापडेनात म्हणून हरेश्वर उठून आत गेला.

रंभावहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. मी आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. खूप वाळली होती. तोंड खिडकीकडे, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची खिडकी दिसत होती. मी जवळ जाऊन म्हणालो, "वहिनी, बऱ्या आहात ना?"

"मी बघत होते, भाऊ," ती म्हणाली. "गाडीत बसून. तुम्ही काय सांगितलेलं ते मना ठाऊक होतं, त्यांनी रातीच सांगितलेलं. पोरानं पाना घेतला तवा हे माझ्याकडं बघतील म्हनून मी वाट बघत होते. एकदा तरी बघतील." तिचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. "घर माझंपन होतं ना? वाडी माझी होती. पोराला देऊन टाकलं त्यांनी. दिलं ते दिलं. पन मना इचारलं नाय."

आतून कल्पेशचं आणि हरेश्वरचं हसणं ऐकू आलं. साखर किती, यावरून काहीतरी चाललं होतं. तिने पुन्हा तोंड खिडकीकडे केलं.